तळ्याकाठची सहल आणि मुळशीच्या बाया



भात झोडून झालं, दिवाळीचा फराळ संपला, की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब मिटल्यावर एक विषय हमखास निघतो. यंदा सहल कुठं न्यायची? कुणी म्हणतं शिर्डी, कुणी अलिबाग. आणि अलीकडं तरण्या सुना-मुली मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतात, घाटावरच्या तळ्यांकडं चला. डोंगर, मधे निळंशार पाणी, काठाला तंबू. खारघरमधून निघालं तर कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागायचं, दीड-दोन तासांत लोणावळा. तिथून डावं-उजवं जिकडं वळाल तिकडं तळं: वळवण, भुशी, पवना, आंद्रा, आणि डोंगराआड पसरलेलं मुळशी.

आज या तळ्यांविषयीच बोलू. तिथं काय पाहायचं, काय करायचं हेही सांगते, पण आधी ती तळी आली कुठून हे सांगते. कारण आपल्या सह्याद्रीच्या या पट्ट्यात देवानं केलेलं मोठं तळं जवळजवळ नाहीच. जे दिसतं ते सगळं माणसानं अडवलेलं पाणी आहे. भुशीचा बांध घातला तो रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून. आज पोरं जिथं पायऱ्यांवर बसून भिजतात, ती इंजिनांची पाणपोई होती म्हणा ना.

मग आली वीज. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून आणायचा, महाग पडायचा, धुरानं परळ-लालबाग काळं व्हायचं. टाटांच्या माणसांनी घाटमाथ्याकडं पाहिलं. इथं पाऊस मुसळधार, आणि माथ्यापासून कोकणापर्यंत उतार एकदम कड्यासारखा. पाणी वर साठवायचं, नळांतून खाली सोडायचं, खालच्या चाकांवर आपटायचं, की वीज. 1911 साली लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. 1922 साली भिवपुरी, 1927 साली भिरा. तिन्ही वीजघरं आपल्या कोकणात, तळी मात्र वर घाटावर.

यातली गंमत नीट ध्यानात घ्या. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडं वाहायचा. मुळशीची मुळा नदी पुण्याकडं जाते, मुठेला मिळते, पुढं भीमेला. म्हणजे मुळशीचं पाणी शेवटी पंढरपूरला चंद्रभागेत जायचं. धरण झालं आणि त्यातलं बरंचसं पाणी उलट फिरलं, कड्यावरून खाली कोकणात आलं. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. पावसाळ्यावर जगणारी ही नदी त्यामुळं भर उन्हाळ्यातही वाहते, आणि पनवेल-रसायनी भागातले कितीतरी नळ आणि कारखाने तिच्यावर चालतात. तेव्हा आपण उतारावरच्या बायकांनी घाटावरच्या पाण्याची गोष्ट ऐकायला हवी ती काही परकी म्हणून नाही. ते पाणी आपल्या हंड्यात आलेलं आहे.

आता मुळशी.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ जिथं आज भिंत आहे, तिथं वरच्या अंगाला भाताची खाचरं होती. तीही साध्या भाताची नाहीत. मुळशीचा आंबेमोहोर म्हणजे शिजताना आळीभर वास सुटणारा तांदूळ. वस्ती मावळ्यांची, शिवरायांच्या पायदळात ज्यांचे पूर्वज होते त्यांची. तिथं कंपनीची माणसं आली आणि कुणाला विचारपूस न करता, नोटीस न देता शेतात चाचणीचे चर खणू लागली. पन्नासच्या आसपास गावं आणि दहा हजारांवर माणसं पाण्याखाली किंवा पाण्यामुळं उठणार होती. सरकार इंग्रजांचं, कायदा 1894 चा भूसंपादनाचा, आणि काम कंपनीचं. शेतकऱ्याची हरकत ऐकायला यातलं कुणीच बांधील नव्हतं.

विनायकराव भुस्कुटे नावाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पुण्याचे पुढारीही आले. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. हजारावर मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. कुणी हत्यार उचललं नाही. नुसते बसले, आणि काम थांबलं. चैत्रातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात, तापलेल्या दगडावर, कडेवर पोर घेऊन बसणं ही सोपी गोष्ट नव्हे. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती.

इथं पांडुरंग महादेव बापट पुढं आले. मूळचे पारनेरचे. विलायतेत शिकायला गेलेले, तिथून बाँब बनवायची विद्या शिकून आलेले क्रांतिकारक. मायदेशी परतल्यावर हाच माणूस पारनेरचे रस्ते आणि गटारं हातात झाडू घेऊन साफ करायचा, हे मला त्यांच्या बाँबपेक्षा मोठं वाटतं. मुळशीच्या लढ्यानं त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिलं. मुंबईत दादरला आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरून तुम्ही गेला असाल. ते नाव या तळ्याच्या काठचं आहे. शंकरराव देव, शिवरामपंत परांजपे ही मंडळीही या लढ्यात तुरुंगात गेली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून कंपनीला फेरविचार करायला सांगितलं.

काम काही काळ थांबलं, पण कंपनी मागं हटली नाही. वर्षअखेर पुन्हा सत्याग्रह सुरू झाला, आणि आता धरपकड, मारहाण, शिक्षा. पुरुषांबरोबर बायाही तुरुंगात गेल्या. त्यांच्यात पुढं असलेल्या जाईबाई भोईटे यांचं नाव आजही घेतलं जातं. बाकीच्या बहुतेकींची नावं कुणी लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही. लढ्याच्या पुस्तकांत पुढाऱ्यांची भाषणं तारीखवार सापडतात, आणि बायांविषयी ‘स्त्रियाही सामील झाल्या’ एवढं एक वाक्य. तुरुंगात गेलेल्या बाईच्या घरी गुरांना वैरण कुणी घातली, अंगावरचं पोर कुणी सांभाळलं, हे कुठंच नाही.

मग हा लढा हरला का? हरला. आणि तो का हरला हे आपण गटाच्या बायकांनी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात इंग्रजांइतकाच आपल्या माणसांचा हात होता.

खाचर कसणारा मावळा होता, पण कागदावर पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांची झाली होती. एका दुष्काळी साली पाच-दहा रुपये घेतले, अंगठा दिला, व्याज चढलं, आणि जमीन गेली. कसणारा तिथंच राहिला, पण कूळ म्हणून. सरकारनं जेव्हा सांगितलं की कंपनी मोबदला देईल, तेव्हा सावकारांचं म्हणणं बदललं. त्यांना रोख पैसे मिळणार होते. ज्याची जमीन कागदावर त्याला मोबदला, आणि जो चिखलात उभा त्याला रस्ता. सावकार लढ्यातून निघाले, फूट पडली. कुळाचंच नाव कागदावर नाही, तिथं त्याच्या बायकोचं कुठून असणार? आवणीच्या दिवसांत कमरेत वाकून जिनं एकेक रोप लावलं, ती त्या सगळ्या हिशोबात कुठंच नव्हती.

शेवटचा प्रसंग बापटांचा. 1924 च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या मजुरांना नेणाऱ्या गाडीच्या रुळांवर दगड रचले, गाडी अडवली आणि गोळ्या झाडल्या. काही जण जखमी झाले. बापट स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा लागली. मला विचाराल तर ही गोष्ट अभिमानानं सांगावी अशी नाही. गाडीत बसलेला मजूर पोटासाठीच आला होता. पण आधीच्या तीन वर्षांत निःशस्त्र बसलेल्यांचं कुणी ऐकलं नाही, हेही तितकंच खरं. 1927 साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आंबेमोहोराची खाचरं तळाशी गेली, माणसं डोंगराच्या उतारावर चढली किंवा लांब निघून गेली.

पुढं भुस्कुट्यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक लिहिलं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. नर्मदेच्या कितीतरी आधी, आपल्या शेजारच्या डोंगरात हे घडलं.

आता म्हणाल, बाई, सहलीला जावं की नाही? जावं की! जरूर जावं. आपल्या आज्या-पणज्याही जात होत्याच. त्याला सहल म्हणत नसत एवढंच. जत्रा, वारी, माहेरपण, याच बायकांच्या सुट्ट्या. आपल्या ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी बायकांना कार्ल्याची एकविरा काही नवी नाही. चैत्रात पालखीला डोक्यावर पदर घेऊन, नाचत-गात डोंगर चढणाऱ्या बाया लोणावळ्याच्या तळ्यांच्या शेजारूनच जात आल्या. एकविरेची चैत्रातली जत्रा आणि रामनवमी यांत फार दिवसांचं अंतर नसतं. 1921 च्या चैत्रात डोंगराच्या एका अंगाला बाया देवीला जात होत्या आणि काही कोसांवर दुसऱ्या बाया धरणाच्या जागेवर बसल्या होत्या.

म्हणून माझं मत असं, की एकविरेला जाणाऱ्या गटानं दोन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी दर्शन आणि कार्ल्याची लेणी. मग पवनेकडं. पवनेच्या तळ्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले उभे आहेत. लोहगड 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याला पायऱ्या आहेत, बेतानं चढलं तर पन्नाशीच्या बाईलाही जमतो. तिकोना थोडा खडा आहे, पण वरून अख्खं पाणी दिसतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्यातून वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. पावसाळ्यात बुडतं, चैत्र-वैशाखात पुन्हा दिसतं. त्या देवळासमोर उभं राहिलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. खाली गाव होतं हे पायांना कळतं.

पवना धरण मुळशीपेक्षा बरंच नवं, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा सरकार आपलंच होतं. तरी तिथल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण गेले, त्यांत एक बाई होती. आपली गाडी ज्या रस्त्यानं सहलीला जाते, तोच हा रस्ता.

मुळशीला जायचं तर दोन वाटा. एक लोणावळ्यावरून वरच्या वर. दुसरी आपल्या कोकणातली, आणि मला ती जास्त आवडते: पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, तिथून विळे आणि मग ताम्हिणी घाट. घाटात पावसाळा सरता सरता प्रत्येक वळणाला धबधबा असतो, आणि माथ्यावर आलं की मुळशीचं पाणी झाडीतून डोकावतं. हा जलाशय कंपनीच्या ताब्यात आहे. वाटेल तिथून पाण्यात उतरता येत नाही, आणि उतरूही नये. काठ गाळाचा आहे. काठानं चालावं, घाटातलं रान पाहावं, ते आता अभयारण्य आहे. दमाची माणसं पिंपरीहून अंधारबनाच्या जंगलातून भिऱ्यापर्यंत उतरतात. ती वाट दिवसभराची आहे, सोबत वाटाड्या हवाच.

आणि खाली कोलाडला ते रबरी होडीतून उड्या मारत जायचं असतं ना, ज्याला सगळे राफ्टिंग म्हणतात, ते कुंडलिका नदीत चालतं. कुंडलिकेला ते पाणी येतं कुठून? मुळशीचं पाणी सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला कोसळतं, वीज करतं, पुढं रावाळज्याला पुन्हा चाकं फिरवतं आणि मग नदीत सुटतं. सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की होड्या चालतात, बंद झालं की नदीत खडक. जी खाचरं 1921 साली वाचवता आली नाहीत, त्यांच्यावर उभं राहिलेलं पाणी आज तिथल्या पोरांना होडी वल्हवायची मजुरीही देतं. वाईट म्हणा, बरं म्हणा. आहे हे असं आहे.

खारघरमध्ये बसून हे बोलताना आपल्या पायाखालच्या जमिनीचाही विचार येतोच. बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे ही मूळ गावं आजही इमारतींच्या मधे आहेत. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात आंदोलन झालं. आगरी-कोळी बाया मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरल्या. 16 आणि 17 जानेवारीला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. मुळशीच्या मावळ्यांना असं काहीच मिळालं नव्हतं. पण इथंही भूखंड वाटले गेले ते सातबाऱ्यावरच्या नावानं, आणि सातबाऱ्यावर सहसा बाईचं नाव नव्हतं.

1894 चा तो जुना कायदा जाऊन नवा भूसंपादन कायदा झाला तो 2013 साली. 1 जानेवारी 2014 पासून तो लागू आहे. सहलीच्या गप्पांत कायदा कशाला म्हणाल, पण एवढं गटात वाचून दाखवाच. आता खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची संमती लागते. बाधित कुटुंब म्हणजे नुसता मालक नव्हे. तीन वर्षं त्या जमिनीवर राबणारं कूळ, वाटेकरी, शेतमजूरही त्यात येतो. आणि विधवा, घटस्फोटित, टाकून दिलेली बाई हिला वेगळं कुटुंब धरायचं असं त्यात लिहिलं आहे. मुळशीच्या खाचरातल्या बाईची नोंद व्हायला नव्वद वर्षं लागली. कायद्यात आलं म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात आलं असं नाही, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून सहलीची वर्गणी काढाल त्याच बैठकीत प्रत्येकीनं आपापल्या घरचा सातबारा काढून आणायला हरकत नाही.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. आपल्या खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते ती उगीच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये इथल्याच डोंगरातल्या ओढ्यात चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. जून 2024 मध्ये भुशीजवळच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं गेली. वर डोंगरात पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असतं, आणि लोंढा सांगून येत नाही. भिऱ्याजवळच्या देवकुंडाचंही तसंच. तेव्हा तळ्यांची सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पोरांचा हट्ट असला तरी.

जेवण आधी सांगून ठेवा, आणि शक्यतो तिथल्याच बायकांना सांगा. पवनेच्या आणि मुळशीच्या काठच्या गावांत पिठलं-भाकरी, नाचणीची भाकरी, चुलीवरची भाजी करून देणाऱ्या बाया आहेत. तंबूवाले पुष्कळदा बाहेरचे असतात, तुमचा पैसा दुसऱ्या दिवशी शहरात परत जातो. भाकरी थापणारीच्या हातात दिलेला पैसा गावात राहतो. तांदूळ विकत घ्यायचा असेल तर आंबेमोहोर आहे का विचारा, आणि पिशवीवरच्या नावाला न भुलता मूठभर हातावर चोळून वास घ्या.

जेवणं झाल्यावर म्हाताऱ्या बायकांना जरा बसवून घ्या. मुळशी-मावळात जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी याच डोंगरांतल्या बायांपासून सुरुवात करून पुढं महाराष्ट्रभर एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. पाणी, धरण, माहेरची बुडालेली वाट, कुणाला काय आठवतं ते विचारा. त्या गातील, मग तुमच्या गटातल्या दोघी-तिघींनाही आपल्या आजीच्या ओव्या आठवतील. तेवढा वेळ गाडीवाल्याला थांबायला सांगून ठेवा, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.